तेजश्रीनं पाठ फिरवली

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही, असं समजा. तहान लागली, पोट दुखलं, तर तो हातांनी सांगतो. आणि ते हात साऱ्या गावात फक्त तुम्हालाच कळतात.

वडवणीजवळच्या एका गावात तेजश्रीचं असंच होतं. भाऊ आदिनाथ सात वर्षांचा. आईबाप, सुनिता आणि गहिनीनाथ, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. सोबत ही दोघंही. गेल्या साली उसाच्या फडात ट्रॅक्टर मागं सरकत आला. आदिनाथला तो कळलाच नाही. तेजश्रीनं त्याला बाजूला ओढलं म्हणून वाचला. मग हंगामभर ती त्याचा हात धरून बसली, आणि चौथीची शाळा बुडाली.

यंदा दोघांनीही गावात राहायचं, असं तिनं ठरवलं. तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी गावच्या शाळेत राहायची-जेवायची सोय होती. पण तेजश्रीची पाचवी वडवणीला. दिवसभर आदिनाथ स्वयंपाक करणाऱ्या विमलबाईंजवळ राहणार.

"त्यांला ह्याचं काय कळतंय?" आई म्हणाली. "लेकरू उपाशी ऱ्हाईल."

"मी शिकवते की त्यांला."

तिनं शिकवलं. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. तळहातावर दुसरा हात कोयत्यासारखा मारला की आई. विमलबाई मात्र वाकून आदिनाथच्या कानातच ओरडायच्या.

"मावशी, कावून वरडता? हाताकडं बघा."

"सवय हाय बाई. आमच्या म्हशीला बी अशीच वरडते!"

हळूहळू विमलबाईंना हात कळू लागले.

निघायच्या दिवशी शाळेपुढं ट्रॅक्टर उभा राहिला. आई म्हणाली, "त्यांला ह्याचं कळतंय ते एकदा माज्यादेखत दाव. तू मधी पडायचं न्हाई."

आदिनाथ आला तो विमलबाईंना ओलांडून थेट तेजश्रीकडं. तिची बाही ओढू लागला.

"बघ!" आईनं त्याची गोधडी ट्रॉलीत टाकली. "चला दोघं बी."

तेव्हा तेजश्रीच्या लक्षात आलं. त्यानं हात हलवलेच नव्हते. बाही ओढली की ताई ओळखते, हे त्याला ठाऊक होतं. विमलबाई शिकल्या होत्या. पण त्याला त्यांच्याशी बोलायची गरजच पडली नव्हती.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. तो पुढून आला, ती पुन्हा वळली. त्यानं पाठीत बुक्की मारली, भोकाड पसरलं.

"बघ की गं त्याच्याकडं!" वडील कळवळले.

"न्हाई आबा."

शेवटी रडणं थांबलं. आदिनाथ विमलबाईंपुढं उभा राहिला. तळहातावर हात मारला आणि ट्रॉलीकडं बोट केलं.

ओरडायला उघडलेलं तोंड विमलबाईंनी मिटलं. त्यांनीही तळहातावर हात मारला, रस्त्याकडं बोट केलं, मग तेच बोट वळवून शाळेकडं आणलं. आई जाईल, आई येईल. त्यानं नाक पुसलं आणि अंगठा ओठाला लावला. त्यांनी तांब्या पुढं केला.

 आईनं ट्रॉलीतली गोधडी खाली काढली.

"रोज व्हिडिओ कॉल लावा, विमलबाई. त्याचे हात दिसले पायजेत मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडवणीची एसटी आली. आदिनाथनं पुन्हा ताईची बाही धरली. तिनं त्याची बोटं सोडवली आणि त्याच्या हातांकडं बघत उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी हलली नाही. अखेर आदिनाथनं हात उचलून विचारलं, कधी येणार? तिनं मावळतीकडं हात केला, दप्तर खांद्याला अडकवलं आणि एसटीत चढली.