गाठ आत, शोभा बाहेर

"खाली बघ. अजून खाली. अगं, मान म्हणतोय मी, नजर नव्हे!"

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. लेकीच्या मानेवर मागच्या बाजूला बोटभर रुंदीचा लालभडक पट्टा उठला होता. मध्येमध्ये कातडी सोलवटली होती. दोन्ही काखांत तर याहून वाईट आहे म्हणाली, आणि हात अंगापासून लांब धरून शिलाईच्या टेबलाला टेकली.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. आपोआप जाईल म्हणून बोलले नाही."

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. गल्लीच्या तोंडाशी दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि गल्ली संपते तिथे समुद्र. बेचाळीस वर्षं त्यांनी गावाचे सदरे-पाटलोणी शिवल्या, पण स्वतः समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नाहीत. पोटची पोर मात्र पाण्याची निघाली. एकतिसाव्या वर्षी ती लोकांना सर्फिंग शिकवते, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकवते. पाणी गार, म्हणून अंगाला घट्ट चिकटणारा रबराचा वेटसूट घालावा लागतो. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली शिकवलं. शनिवारी मोठी परीक्षा होती, ती पास झाली की स्वतःचा वर्ग काढता येणार होता. आज बुधवार.

"नीट धुतेस का तो?" मास्तरांनी विचारलं.

"धुते हो बाबा! गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, सावलीत वाळवते. साबणाची पूड लावत नाही. आतून पातळ बिनबाह्यांचा बनियन घालते. मानेला व्हॅसलीन थापते. पाण्यातून आले की लगेच काढते. आणि सगळे करतात तरी सूट घालून पाण्यात शू करत नाही."

"ते दोन वर्षांची असतानाच शिकवलंय मी!" आतून तिची आई ओरडली.

लेक हसली नाही. "डॉक्टर म्हणाले, मला रबरच सोसत नसावं. तसं असेल तर शनिवारचं विसरा म्हणाले. आणि पुढचंही."

सूट तिथेच टेबलावर टाकून ती आत निघून गेली.

दुकानात दोन मशिनं होती. एकावर ते बसत. दुसरं लेकीसाठी घेतलेलं, तिच्या अठराव्या वर्षी. त्यापुढचं स्टूल तेरा वर्षं तसंच रिकामं, रोज पुसलं जाणारं. आज त्या स्टुलाकडे त्यांची नजर गेली आणि मनाच्या कोपऱ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, चला, आता तरी बसेल. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी उगीचच कात्री उचलून परत ठेवली.

जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं? मीठ जास्त पडलं का?" बायकोनं विचारलं.

"नाही. रबर सोसत नाही तर अंगभर उठायला हवं ना गं? मग मान आणि दोन काखाच का?"

"मला काय विचारता, मी काय डॉक्टर?"

पण मास्तरांना कळून चुकलं होतं. महिन्याभरापूर्वी सूट तीन ठिकाणी उसवला होता. मानेला आणि दोन्ही काखांत. तो त्यांनीच शिवला होता, नायलॉनच्या दोऱ्यानं, जीव ओतून. वरून शिवण दिसतसुद्धा नव्हती. लेकीनं समुद्रावर सगळ्यांना फिरून फिरून दाखवलं होतं, "बघा, आमच्या बाबांचा हात!"

दुपारी ती झोपल्यावर त्यांनी सूट उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं. गाठी होत्या, पण मऊ रबरात रुतून बसलेल्या. हाताला जेमतेम लागत होत्या. एवढ्यानं माणूस सोलवटतो? त्यांना वाटलं, आपण उगाच घेतोय अंगावर. आणि मग वाटलं, अंगावरच घेऊन बघावं.

"अगं, जरा न्हाणीघरात ये. आणि मिठाची बरणी आण."

"मीठ? न्हाणीघरात?"

"आण म्हणतो ना!"

मास्तर अंगानं काडीपैलवान, लेक खांद्यानं रुंद, त्यामुळे सूट चढला. पण कसा चढला ते त्या दोघांनाच ठाऊक. एक पाय गेला तर दुसरा अडकला, दुसरा गेला तर मास्तर भिंतीवर आपटले. बायको मागून ओढता ओढता हसून हसून खाली बसली.

"अहो, कुणी बघितलं तर म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला!"

"हसू नकोस, पाठीची चेन लाव. आणि आता मिठाचं पाणी ओत मानेवरून. वरून, नीट!"

गार पाणी आत शिरलं तसे मास्तर शहारले. मग लेक फळीवर पालथी पडून पाणी मारते, तसे ते हात मारू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. मान वर, मान खाली. पन्नासपर्यंत काहीच झालं नाही. शंभराला मानेला काहीतरी टोचू लागलं. कोरडेपणी रुतून बसलेल्या गाठी ताणलेल्या ओल्या रबरातून डोकं वर काढत होत्या, आणि नायलॉनची कापलेली टोकं प्रत्येक हालचालीला कातडी ओरबाडत होती. दोनशेला काखांत आग झाली. मास्तर मात्र थांबले नाहीत.

"पुरे आता," बायको म्हणाली. तिचं हसू केव्हाच गेलं होतं. "अहो, पुरे की."

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. "गाठ आत, शोभा बाहेर." त्यांच्या गुरूनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं हे वाक्य. बेचाळीस वर्षं त्यांनी एकही गाठ बाहेर दिसू दिली नव्हती. सदऱ्याला ते ठीक होतं. सदरा अंगावर सैल असतो, आतली गाठ कुणाला बोचत नाही. पण हा सूट म्हणजे दुसरी कातडीच. त्याची सुलट बाजू जगाकडे नाही, अंगाकडे हवी. एवढं साधं आपल्या डोक्यात येऊ नये?

"सांगाल ना तिला?" बायकोनं विचारलं. त्या रिकाम्या स्टुलाची गोष्ट तिलाही ठाऊक होती.

मास्तरांनी सूट उतरवला आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. बाहेर आले तेव्हा लेक उठून चहा करत होती. डोळे सुजलेले.

"मी ठरवलंय बाबा," ती पाठमोरीच म्हणाली. "सोमवारपासून बसते तुमच्याबरोबर दुकानात. काजं-बटणांपासून शिकवा."

तेरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं चहा गाळता गाळता आलं. मास्तरांनी गळ्याभोवतीचा टॉवेल काढला, खुर्चीवर बसले आणि मान खाली घातली.

"इकडे ये. माझी मान बघ."

तिनं पाहिलं. तोच पट्टा, तिथेच. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"रबराचा दोष नाही. माझा आहे. गाठी आत मारल्या मी."

तिनं गाळणी ओट्यावर आपटली. मग म्हणाली, "तीन आठवडे, बाबा! रोज रात्री रडत होते मी. आणि सगळ्यांना दाखवत होते तुमची शिवण."

"हो."

"हो काय?"

"चुकलो म्हणतोय, पोरी."

ती रागानं आत गेली. मास्तरांनी सूट घेतला आणि स्वतःचीच शिवण टाका टाका उसवली. मग अर्ध्या जाडीतूनच सुई घालत, आत टाका न उतरवता, पुन्हा शिवलं. सगळ्या गाठी बाहेर घेतल्या. आतली बाजू गालावर घासून पाहिली. त्या गाठींना हात लावताना त्यांना दुकानात उघडं बसल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी सकाळी ती दुकानात आली. मानेचा लालपणा पुरता गेला नव्हता, पण सुकला होता. सूट चढवून, व्हॅसलीन थापून तिनं पाठ फिरवली. "चेन लावा."

मास्तरांनी चेन वर ओढली. मानेखाली गाठींची रांग उघडी दिसत होती. त्यांचा हात आपोआप तिचे केस त्यावर ओढायला गेला.

"राहू द्या. दिसल्या तर दिसल्या," ती म्हणाली. फळी काखेत मारून दारापर्यंत गेली, तिथून वळली. "टोचत नाही बाबा."

आणि गल्लीतून पळत समुद्राकडे गेली.

मास्तरांनी दुसऱ्या मशिनपुढचं ते स्टूल उचललं, दाराबाहेरच्या पायरीवर ठेवलं आणि समुद्राकडे तोंड करून त्यावर बसले.

"मानेला मलम लावा हो," आतून बायको म्हणाली.

"लावतो," मास्तर म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.