खिडकीकडची उशी

केबिनमध्ये एक पलंग होता, एक सोफा, एक टेबल, चार उशा, न उघडणारी एक गोल खिडकी आणि प्लगच्या दोन जागा. दोन्ही जागा टेबलावर, आरशाखाली, म्हणजे दाराच्या बाजूला. मी टेप काढून जमिनीवरून मोजलं. प्लगपासून खिडकीकडच्या उशीपर्यंत साडेपाच मीटर. बाबांच्या श्वासाच्या मशीनची वायर अडीच मीटर, नळी एक मीटर ऐंशी.

"किती कमी पडतंय?" बाबांनी विचारलं.

"एक मीटर वीस."

"मग मला तेवढा कापून टेबलापाशी ठेव."

बाबा जन्मभर खिडकीकडच्या अंगाला झोपत आलेत. दाराकडची बाजू आईची.

आम्ही घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता, पण जहाजावर चढताना सामान तपासणाऱ्या बाईने तो काढून घेतला. अशा बोर्डांनी आग लागते म्हणे. आमची केबिन सांभाळणारा माणूस हसतमुख होता. मशीनमधली हवा ओलसर ठेवायला शुद्ध पाण्याची मोठी बाटली त्याने न मागता आणून दिली. ती बघून बाबा म्हणाले, "चहूकडे समुद्र आणि मला पाणी बाटलीतलं!" वायरीचं विचारल्यावर मात्र केबिनवाल्याने मान हलवली.

"जहाजाच्या वायरी असतात हो, पण आधी कळवलेल्यांना दिल्या. एकही उरली नाही."

"एवढे घोरणारे आहेत जहाजावर?"

"साहेब, वरच्या मजल्यावर तर रात्री घोरण्याच्या आवाजाने वाटेतून चालवत नाही."

झोपेत बाबांचा श्वास अडतो. घसा मिटतो, छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, आणि मग एक मोठा घरघराट होऊन सगळं पुन्हा सुरू होतं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा बेताचा दाब देऊन मशीन तो घसा उघडा ठेवतं. एक रात्रसुद्धा चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्याच रात्री ती चुकली. मी सोफ्यावर होते. डोळ्याला डोळा लागला नाही, कारण आवाजापेक्षा मधली शांतता वाईट. घरघर थांबली की मी आपोआप माझाही श्वास धरायचे.

सकाळी शेजारच्या केबिनमधल्या आजींनी मला बाहेरच्या अरुंद वाटेत गाठलं. "काय गं, तुमच्या खोलीत इंजिन आहे का?"

मागून बाबा आले. "हो आजी, जहाज मीच ओढतो."

आजी हसल्या, पण डोळे त्यांचेही लाल होते.

बाबा नाश्त्याला गेले तेव्हा मी केबिनवाल्याला पुन्हा पकडलं. त्याने दोन मिनिटं पलंगाकडे बघितलं आणि चादर वर केली. "ताई, हा एक पलंग नाहीच. दोन आहेत. खाली क्लिपांनी जोडलेत, वरून एकच चादर टाकलीय. सुटे करतो, एक टेबलाला लावतो. साहेबांचं मशीन प्लगपाशी, आणि तुमचीही सोफ्यावरून सुटका."

उपाय इतका सोपा होता की आधी सुचला नाही याची मला लाज वाटली. मी लगेच हो म्हटलं. त्याने क्लिपा काढल्या, आम्ही दोघांनी एक पलंग टेबलापाशी ओढला. मध्ये मीटरभर वाट झाली. मी मशीन लावलं, पाणी भरलं, नळी जोडली, मास्क उशीवर ठेवला. चहूबाजूंनी पाहिलं. सगळं बसत होतं.

बाबा परत आले आणि दारातच थांबले.

"हे कुणी केलं?"

"मी सांगितलं. बघा ना, वायर अर्धा मीटर उरतेय."

त्यांनी हातातलं सफरचंद टेबलावर ठेवलं. मग वाकले आणि टेबलापाशी लावलेला पलंग खांद्याने ढकलायला लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, आणि त्यातून रात्रभर झोप नाही.

"बाबा, कंबर धरेल. काय करताय?"

"पलंग एकच हवा."

"अहो, पण कशाला? पलंग जोडून झोपणार कोण आहे?"

बाबांनी पलंग सोडला. ते पलंगाच्या काठावर बसले.

ही सहल आईने ठरवली होती. गेल्या वर्षी ती गेली, आणि तिच्या तिकिटावर मी आले, एवढं मला माहीत होतं. बाकीचं बाबांनी तिथे बसून सांगितलं.

"बुकिंगवाल्या बाईने फोनवर विचारलं होतं, पलंग जोडलेला हवा की सुटे? मी म्हटलं सुटे. सतरा वर्षं वेगळ्या खोलीत झोपतोय आपण, सवय आहे. तुझ्या आईने फोन हातातून घेतला. म्हणाली, जोडलेला. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, तुम्ही मशीन आणा, मी परत येते."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मी कुठं घोरतो?"

हे वाक्य आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाइतकं जुनं होतं. मी कारखान्यांमधला आवाज मोजायचं काम करते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हात बसावा म्हणून मी मीटर घरी आणला होता आणि बाबांच्या उशीपासून हातभर अंतरावर धरला होता. एकाहत्तर डेसिबल. मी तो आकडा मोठ्या ऐटीत आईला दाखवला. ती बाहेरच्या खोलीत आपलं अंथरूण घालत होती. "आकडा मिळाला," ती म्हणाली, "आता झोप कुठं मिळते तेही मोजून सांग." बाबांनी मीटरलाच खोटं ठरवलं होतं.

"मग तपासणीला गेलात कधी?" मी विचारलं.

"ती गेल्यावर. दोन महिन्यांनी." त्यांनी मास्कचा पट्टा बोटाला गुंडाळला. "वरातीमागून घोडं. डॉक्टरला सांगितलं, मशीन द्या. तो म्हणाला, आधी बायकोला विचारतो, घोरण्याचं बायकाच नीट सांगतात. मी म्हटलं, ती सतरा वर्षं सांगतच होती."

बाहेर कुणीतरी ट्रे घेऊन गेलं. काचेचे पेले एकमेकांवर किणकिणले आणि आवाज लांब गेला.

"घरी हे रोज लावून झोपतो," बाबा म्हणाले. "सकाळी मशीन आकडा दाखवतं, श्वास तासाला किती वेळा अडला. तीन, कधी चार. डॉक्टर खूश. पण बाहेर कसं ऐकू येतं ते मला कसं कळणार? मी तर झोपलेला. आणि बाजूला कोणी नाही. हे यंत्र स्वतःच कुरकुरत असेल, तर तिला काय फरक पडला असता? तेच एक जाणून घ्यायचं होतं. ती आली असती तर तिला झोप लागली असती का, एवढंच."

मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला गेले. "तुम्ही बाजूने धरा. एक, दोन, तीन."

पलंग परत जुळले. क्लिपा मला लावता येईनात. केबिनवाला आला, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, गुडघ्यावर बसून दोन्ही क्लिपा लावून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "माझी बायको म्हणते, मी घरी येतो तेव्हा तिला आठवडाभर झोप नाही. आणि मी निघालो की महिनाभर नाही."

मग मी टेप पुन्हा काढली. "बाबा, प्लगपासून दाराकडच्या उशीपर्यंत तीन मीटर साठ. वायर पुरते, नळी सैल राहते. तुम्ही फक्त या बाजूला झोपायचं."

"ती बाजू तिची."

"मग तिला तुमची द्या."

त्यांनी खिडकीकडे बघितलं. गोल काचेत निम्मं पाणी होतं, निम्मं आभाळ, आणि मधली रेघ हळूहळू वरखाली होत होती.

"आयुष्यभर दाराकडेच झोपली," ते म्हणाले. "तुला ताप आला, दूधवाला आला, माझी पहाटेची पाळी असली, की हीच उठायची. मी मात्र खिडकीकडे, वाऱ्याला." मग खिडकीकडच्या उशीवर हात ठेवून, "इथून समुद्र दिसला असता की तिला."

"दिसतो ना."

जेवणानंतर त्यांना पेंग आली. रात्रीची बाकी होतीच. ते कपडे बदलून दाराकडच्या अंगाला बसले, पण आडवे होईनात. दुसऱ्या बाजूची उशी त्यांनी हाताने नीट केली, चादरीची घडी काढली, मधली जागा मोकळी ठेवली.

"मीटर आणलायस ना गं, प्रयोगशाळे?"

"बॅगेतच असतो."

"त्या वेळी मी खोटा म्हटलं होतं त्याला. आज खरं मानीन. मला झोप लागली की त्या उशीवर ठेव. जिथं तिचा कान आला असता तिथं. आणि चांगलं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस हं. जे येईल ते."

"जे येईल ते."

त्यांनी मास्क चढवला. नळीतून हवा सुरू झाली. दोनतीनदा ते कुशीवर वळले, एकदा डोळे उघडून मी आहे का बघितलं. मग हात उघडा पडला. श्वास लांब झाला आणि एका लयीत आला. मी बराच वेळ सोफ्यावरून नुसती बघत बसले. एकदाही मला माझा श्वास धरावा लागला नाही.

जहाजाचं इंजिन कधीच थांबत नाही, ते भिंतीतून सारखं गुणगुणत असतं. म्हणून तुलना करता यावी यासाठी मी एक मोजमाप आधीच घेऊन ठेवलं होतं, बाबा जेवायला गेले होते तेव्हा, त्याच उशीवर. आता मी अनवाणी पलंगाला वळसा घातला, मीटर उशीच्या मधोमध ठेवला, त्याचं तोंड बाबांकडे केलं आणि बाजूला झाले.

रिकामी केबिन, मशीन बंद: त्रेचाळीस डेसिबल.

बाबा गाढ झोपेत, मशीन चालू: त्रेचाळीस डेसिबल.