चोविसावं लॉक

वर्कशॉपमधल्या स्टोअरच्या खिडकीत बसून मी नट-बोल्टांची नोंद ठेवतो आणि वेळ उरला की माणसांची. नट-बोल्ट संपतात, माणसं पुरून उरतात.

मी या घरचा जावई. मला दोन मेहुणे. थोरल्याला सगळं गाव दादाच म्हणतं. तीस वर्षं तो ट्रकची इंजिनं उघडतोय. धाकटा मालक. कागदावर दोघंही मालक, पण किल्ल्या धाकट्याच्या कमरेला. गेल्या वर्षापासून दादाचा उजवा हात थरथरायला लागला. जेवायला बसला की मांडीवरचा हात आपला आपण टपटप करायचा. धाकट्याने ते पाहिलं आणि निकाल देऊन टाकला: दादाने पाना खाली ठेवायचा आणि स्टोअरच्या खिडकीत बसायचं. म्हणजे माझ्या जागेवर. मग मी कुठे, हे कुणी विचारलं नाही. जावयाला मान असतो, मत नसतं.

"हे एक इंजिन मी एकटा करतो," दादा म्हणाला. "हात चालत नाही असं दिसलं, तर सांग. मी आपणहून पाना ठेवीन."

"शब्द?"

"तुझ्यासारखा नाही. पाळायचा शब्द."

ते इंजिन लांब पल्ल्याच्या एका ट्रकचं होतं, सहा सिलिंडरचं. चढावर दम टाकायचं आणि वरून टकटक करायचं. दादाने वरचं झाकण काढलं, तर एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली आणि कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा झिजून शेजाऱ्याच्या निम्मा झालेला. कॅमशाफ्ट हा इंजिनातला मुकादम. कुठल्या व्हॉल्व्हने केव्हा उघडायचं ते हा ठरवतो. मुकादमच असा खंगला, तर मजुरांना बोल लावून काय उपयोग? नवा कॅमशाफ्ट, त्यावर टेकणारे नवे टॅपेट आणि बाराच्या बारा स्प्रिंगा नव्या, असं ठरलं.

ड्रायव्हरला चार वाजता निघायचं होतं. त्याने गाळ्यातच स्टूल मांडलं आणि सूनमुख बघायला आलेल्या सासूसारखा प्रत्येक नटाकडे बघत बसला.

रेडिएटर उतरवून जुना कॅमशाफ्ट पुढून ओढून काढला. नवा आत सरकवणं हे खरं नाजूक काम. दोन हात लांब, जड लोखंड सात बुशांच्या कड्यांमधून न्यायचं आणि एकालाही ओरखडा येऊ द्यायचा नाही. धाकटा हाताची घडी घालून उभा राहिला. दादाने कॅमशाफ्टच्या तोंडाला एक लांब बोल्ट आवळला, तोच मूठ म्हणून धरला आणि हळूहळू फिरवत तो आत घेतला. हात असा स्थिर की वर पाण्याचा पेला ठेवावा.

तेव्हा मला कळलं. दादाचा हात रिकामा असला की नाचतो. कामाला लागला की गप्प. धाकट्याने तो ताटाशी बसून पाहिलेला, मी गाळ्यात. एकाच हाताच्या दोन वेगळ्या नोंदी.

मग स्प्रिंगा. एकेक पिस्टन वर आणायचा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. स्प्रिंग दाबायची आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या खाचेत, स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या लॉकची दोन नखाएवढी अर्धुकं बसवायची. बारा व्हॉल्व्ह, चोवीस अर्धुकं. ती दादाने पत्र्याच्या ताटलीत जोडीजोडीने मांडली होती. आजूबाजूच्या भोकांत चिंध्या कोंबलेल्या. बोटाला ग्रीस, ग्रीसला लॉक, आणि लॉक जागेवर.

अकरा व्हॉल्व्ह झाले. बाराव्याला एक अर्धुक बसलं, दुसरं बोटावर होतं. शेवटची चिंधी हलवून दादाने जागा केली, आणि नेमका तेव्हाच धाकटा म्हणाला, "दादा, जरा थांब. यांना दाखवू दे कसं बसतं ते." ड्रायव्हर वाकला. दादा थांबला. थांबलेला हात सुरू झाला.

टिक, असा एवढासा आवाज झाला.

"पडलं," दादा म्हणाला. "माझ्या हातून पडलं."

धाकट्याने दादाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "दाजी, डब्यातून एक लॉक द्या."

मी दिलं. दादाने ते घेतलं, बसवलं आणि स्प्रिंग सोडली. मग चुंबक घेऊन, चिंधी हलवली होती त्या पुशरॉडच्या खाली जाणाऱ्या भोकात घातला. काही लागलं नाही. बाजूचं झाकण उघडलं. तिथेही नाही.

"चेंबर उघडावा लागेल," तो म्हणाला. चेंबर म्हणजे इंजिनाखालचा तेलाचा टब.

"वेडा झालास? तीन वाजलेत! ते तेलात बसून राहील. काही होत नाही."

"आणि गियरमध्ये गेलं तर?"

"सगळे असंच करतात, दादा."

"मी सगळे नाही."

धाकटा ड्रायव्हरकडे वळला. "तुमचा खोळंबा होईल, म्हणून म्हणतो."

"होऊ दे," ड्रायव्हर म्हणाला. "उतारावर इंजिन अडकलं तर स्टिअरिंगवर मी असतो. तुम्ही नसता. खोला!"

तेल काढलं, चेंबर उतरवला. सहा वाजले. दादा कोपरापर्यंत काळा झालेला, तळाचा गाळ बोटांनी चाचपत होता. मग त्याने चिमटीत धरून ते लॉक वर केलं.

धाकटा टपलाच होता. "सगळ्यांनी पाहिलं ना? आता बोल. हात गेला की नाही?"

"हात जाईल तेव्हा जाईल. मोजणं गेलेलं नाही." दादाने लॉक पुसलं. "दाजी, या वर्षी सुटी लॉकं किती दिलीत?"

मला हाच प्रश्न नको होता. खरं सांगितलं तर धाकटा माझ्यावर डूख धरणार. नाही सांगितलं तर माझी खिडकी जाणार. फायदा-तोटा मांडायला लागलो, तर दादाने ते पुसलेलं लॉक माझ्यापुढे धरलं. मी रजिस्टर उघडलं.

"आजचं सोडून चौदा. चौदा ट्रकना एकेक."

"झिजली म्हणून?"

"लॉक कुठं झिजतं, दादा."

"पडलेलं लॉक काढायला चेंबर किती उघडले?"

"आजचा पहिला."

गाळ्यातली माणसं एकदम हत्यारं पुसायला लागली. धाकट्याचा चेहरा रजिस्टरमध्ये न बसणाऱ्या रंगाचा झाला.

"माझा हात थरथरतो, ते जगाला दिसतं," दादा म्हणाला. "तुमचे चौदा स्थिर हात कुणाला दिसले? पाना मी ठेवत नाही. हात चालत नसेल तर ठेवीन, असा शब्द होता. चाललाय. पडलेलं काढण्यापर्यंत चाललाय. त्या चौदा जणांना बोलाव. चेंबर मी उघडतो."

"चौदाच्या चौदा? लोक काय म्हणतील!"

"दाजी नंबर देतील."

मी दिले. एवढ्या तत्परतेने मी आयुष्यात काही दिलेलं नाही.

धाकट्याने फोन उचलला, पहिला नंबर लावला आणि तिकडून "हॅलो" येताच फोनवर हात ठेवून दादाकडे वळला.

"सांग," दादा जॅक ओढत म्हणाला, "आमची एक वस्तू तुमच्या इंजिनात राहिलीय, ती काढून घेतो. एवढं बोलायला हात लागत नाही."