आत्याच्या दुकानावरून गेलेला पूल

आमच्या आत्याचं शिवणाचं दुकान पुलाच्या तोंडाशीच होतं. तो लोखंडी पूल गंजून पार खिळखिळा झाला, तेव्हा सायकली सोडून सगळ्या गाड्यांना त्यावर बंदी आली. मी दुधाचा टँकर चालवतो. पलीकडची डेअरी डोळ्यांसमोर दिसायची, पण तिथं पोचायला अख्ख्या डोंगराला वळसा पडायचा.

गावानं पंचायतीचा कारभार आत्याच्या हाती दिला, तसा तिनं सरकारकडे नव्या पुलासाठी निधी मागितला. उत्तर आलं, पुलावर वाहतूकच फार कमी आहे, सबब मंजुरी नाही.

"अरे, जाऊच देत नाहीत, तर वाहतूक होणार कशी?" आत्या म्हणाली आणि तडक कचेरीत गेली. तिथल्या इंजिनियर बाईंना तिनं सांगितलं, "वाद नको, बाई. एक दिवस माझ्या भाच्याच्या टँकरमध्ये बसा."

बाई खरंच आल्या. अर्ध्या घाटात मागून पलीकडच्या दवाखान्याची गाडी हॉर्न बडवत आली. मी कडेला घेतलं. आत कळा देणारी आमच्या शेजारची सून होती. बाईंनी ती गाडी पुढची वळणं घेत जाताना पाहिली.

"रोज हे असंच?" त्यांनी विचारलं.

"आज रस्ता कोरडा आहे म्हणून बरं," मी म्हणालो.

बाईंनी तो वळसा आपल्या अहवालात घातला, वरिष्ठांशी भांडल्या, आणि निधी मंजूर झाला. गावात आनंदीआनंद! मग त्या नकाशा घेऊन आल्या आणि दुकानात नुसत्याच उभ्या राहिल्या. आत्यानंच नकाशा ओढून घेतला. नव्या पुलाचा रस्ता थेट तिच्या दुकानावरून जात होता.

"पूल थोडा सरकवता येईल," बाई चाचरत म्हणाल्या, "पण मंजुरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल."

आत्यानं चष्मा काढून पुसला. नवऱ्यामागं तिनं त्याच दुकानावर दोन्ही मुली मोठ्या केल्या होत्या. "सरकवाबिरकवायचं काही नाही," ती म्हणाली. "करा सुरू." बाई गेल्यावर मात्र तिनं दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाली, "बघतोस काय? मशीन उचल."

मशीन आमच्या पुढच्या खोलीत आलं. सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं, मग हळूहळू परत आलं. भरपाई मिळाली, पण दुकानाची चौकट पाडली त्या दिवशी ती जेवली नाही.

पूल खुला झाला तेव्हा मी तिला टँकरमध्ये शेजारी बसवलं. मधोमध आल्यावर म्हणाली, "थांब जरा." खाली उतरून ती कठड्याला टेकली. जुन्या पुलावर सगळं लक्ष पायाखालच्या फळ्यांवर असायचं. नदी अशी निवांत तिनं कधी पाहिलीच नव्हती. मागं गाड्यांची रांग लागली, पण कुणीच हॉर्न वाजवला नाही.