खडूनं लिहिलेलं ‘खाली’

श्यामकांतरावांचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होताच, त्यात वेल्डर तुळशीरामनं सहज बोलता बोलता बॉम्ब टाकला.

नव्या रायपुरात रस्ते आधी आले, माणसं यायची राहिली. त्यातलाच एक रुंद, ओस रस्ता आज जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी बंद केला होता. श्यामकांतरावांची मुलगी गंधाली त्यांची लाल स्पोर्ट्‌स कार घेऊन नुकतीच सुटली होती. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी ती भंगारातून उचलून आणली. पुढं पोरीनं तीच शर्यतीत पळवायचं खूळ घेतलं आणि यांची झोप उडाली. गाडीचा सांगाडा म्हाताऱ्या बापापेक्षा म्हातारा, जोरात वळली की पिळला जाणार. म्हणून त्याच्या दोन्ही लांब दांड्यांना, ज्या एका बाजूनं पन्हाळीसारख्या उघड्या होत्या, जाड पत्रा जोडून पेटीसारखं बंद करायचं ठरलं. ऐन वेळी कंबर धरली. गाडीखाली शिरणं जमेना, तेव्हा त्यांनी पत्र्यावर खडूनं खुणा केल्या आणि वेल्डिंग बीरगांवच्या तुळशीरामवर सोपवलं. वर काळा रंगही मारून झाला.

“भैया, एकदम पक्का काम है,” तुळशीराम म्हणाला. “बस, आगे बाएँ चक्के के पास आपने खाली लिखा था न, वहाँ खाली छोड़ दिया.”

“काय सोडलं?”

“खाली. वहाँ जोड़ा नहीं. हव, आप ही ने तो लिखा था.”

 श्यामकांतरावांनी लिहिलं होतं, खालच्या बाजूनं जोड. तुळशीरामनं वाचलं, रिकामं ठेव. त्या बापड्याला काय बोलणार? अख्खा जन्म रायपुरात हिंदीत भाजी घेतली, आणि खडू हातात आल्यावर नेमकी मराठी सुचली!

पुढच्या चाकाचा सगळा भार त्याच जोडावर येतो. चाक निखळलेलं, गाडी उलटलेली, पोरगी आत अडकलेली, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन गेलं. शेजारी निशाणवाला उभा होता. त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. त्याच्या हातातलं लाल निशाण हिसकावून ते दुखऱ्या कंबरेसकट रस्त्यावर धावले. पहिली फेरी संपवून लाल गाडी लांबून येताना दिसली. तीच सगळ्यांत पुढं होती.

“थांब! गंधाली, थांब!”

टायर किंचाळले. गाडी थांबली, आणि मागच्या गाड्या एकेक करून बाजूनं निघून गेल्या.

“क्या हुआ, बाबा? मैं आगे थी!” गंधाली ओरडली. बापानं मराठीत विचारावं आणि हिनं हिंदीत उत्तर द्यावं, हे लहानपणापासूनचं.

 ते तसेच गाडीखाली सरपटले. चाकाजवळ बोट फिरवलं. फट नव्हती. रंगाखाली ओबडधोबड, गोळे गोळे आलेला जोड होता, पण सलग होता. हा तुळशीरामचा हात नव्हे.

“हे कोणं केलं?”

“मैंने.” गंधाली उकिडवी बसून आत वाकली. तुळशीरामकडून ती वेल्डिंग शिकते हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्याला खेळ समजत. “रंग मैंने ही मारा न, उसके पहले देखा, जोड़ छूटा हुआ था और ऊपर आपका लिखा हुआ. खाली मतलब नीचे.”

“तुले कसं समजलं?”

“तुमचीच पोट्टी आहे न मी.”

एवढं मराठी तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“मग मले सांगितलं काहून नाही?”

“सांगितलं असतं तर गाडी जाऊ दिली असती का तुम्ही?”

नसतीच जाऊ दिली.  पलीकडून शर्यत संपल्याची शिट्टी वाजली.

“चला बाबा, बाहेर या. बाद झालो आपण.”

पण कंबर पुन्हा धरली होती, आणि त्यांना रडूही आवरत नव्हतं. पोरीच्या त्या वेड्यावाकड्या जोडावर हात ठेवून ते तसेच पडून राहिले.

“वाकडा आहे,” ते कसेबसे म्हणाले, “पण माझ्याच्यानंही तुटायचा नाही.”