खडकासुराचे पडणे

मी एक जुना राक्षस आहे. नाव खडकासुर. हैदराबादच्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर दंतकथांचे एक अंधारे दालन आहे, तिथे मी राहतो. मित्रांनो, घाबरू नका. माझ्या आत फायबर, लोखंडी सळ्या आणि दोन मोटारी यांशिवाय काहीही नाही.

मला धूलपेटेतल्या एका मूर्तिकाराने घडवले. त्याचा हात गणपतीवर बसलेला, त्यामुळे माझे पोट राक्षसाला शोभण्यापेक्षा जरा गोंडसच झाले. पण दात झकास आहेत. सुरुवातीला वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता. आता लोक माझ्या नाकात बोट घालून सेल्फी काढतात आणि पायाशी चिप्सची पाकिटे टाकून जातात. राक्षस झालो म्हणून काय झाले, अपमान मलाही कळतो.

माझी गोष्ट अशी. मी खडकांखाली राहतो. गावातल्या ज्या घराची बारी येईल, त्या घराने गाडाभर जेवण आणि घरातले एक माणूस माझ्याकडे पाठवायचे. शेवटी भामा गवळणीची बारी येते. ती मला रांजणच्या रांजण ताक पाजते, मला गुंगी येते, मी मागच्या मागे कोसळतो आणि गाव सुटते. हे पाहायला लोक गाड्यात बसून थेट माझ्या तोंडापर्यंत येतात.

परवाच्या रविवारी काचीगुड्याचे एक कुटुंब आले. आजोबा प्रतापराव, त्यांची सून पल्लवी आणि सात वर्षांची नात त्रिवेणी. रांग लांब होती, म्हणून आजोबा नातीला माझी गोष्ट सांगत होते. गोष्ट घरोघरच्या बारीपर्यंत आली आणि दारावरच्या फरजानाने हाक मारली, "चलो चचा, अब आपके घर की बारी है. एक जन सामने बैठना, बाकी के पीछे."

त्रिवेणीने आजोबांचा सदरा घट्ट धरला. "आबा, खरंच आपल्या घराची बारी हाय?"

"हाय की! कवापासून उभे हाओत." पाय दुखून आलेल्या आजोबांना आनंदच झाला. "मी बसतो पुढं."

पल्लवी फोनवरून कुणाला तरी फोटो पाठवत होती. लेकीचा पांढरा पडलेला चेहरा तिने पाहिलाच नाही. मी पाहिला.

गाडा माझ्यासमोर आला. मी जबडा उघडून ठरल्याप्रमाणे हसलो. त्याबरोबर त्रिवेणी मागून उडी मारून उतरली आणि आजोबांच्या पुढे हात पसरून उभी राहिली. राक्षसाला कोणती भाषा येते हे तिला कुठे ठाऊक? तेलुगू, हिंदी, मराठी, तिने येतील तेवढ्या सगळ्या वापरल्या. "तिनोद्दु! मेरे आबा को नक्को खाओ! त्यांना शुगर हाय!"

मागे बसलेले लोक खो खो हसले. मला सांगायचे होते, बाळ, मी कुणालाच खात नाही गं. पण माझ्याकडे रेकॉर्ड केलेले हसणे तेवढे आहे, आणि तेच मी पुन्हा हसलो. पोर हमसून रडू लागली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

फरजानाने लाल बटण दाबले. सगळे थांबले, दिवे लागले. पल्लवीने लेकीला कडेवर घेतले. "बस झालं, चल घरी. आबा, तुम्ही पण ना, असलं काय सांगता हिला!"

आजोबा जागचे हलले नाहीत. "आत्ता नको नेऊस, सूनबाई. अशीच नेलीस तर राती हा तिच्या उशाशी येऊन बसंल. माझी गोष्ट अर्धी राहिली हाय."

मग त्यांनी तिथेच, गाड्यात बसून, भामाची हकिकत सांगितली.

"ताकानं पडला?" त्रिवेणीने विचारले.

"ताकानंच. दुपारच्याला ताक पिऊन मी न्हाई का घोरत?"

त्रिवेणीने डोळे पुसले, आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली आणि फरजानाला म्हणाली, "अब गिराओ इसको."

खरे सांगतो, मला घाम फुटला. माझ्या कमरेची बिजागरी गंजली आहे. मध्येच थांबवले की कित्येकदा मी पडतच नाही, आणि मग लोकांना तसेच बाहेर काढतात. फरजानाने बटण दाबले. मी करकरलो, कण्हलो, अर्ध्यावर अडकलो आणि सगळा जोर एकवटून दाणकन पाठीवर आपटलो. आडवा पडल्या पडल्या मला टाळ्या ऐकू आल्या. सगळ्यांत मोठ्या त्रिवेणीच्या होत्या.

मित्रांनो, राक्षसाची गोष्ट सांगायला घेतलीत तर ती शेवटापर्यंत सांगा. जमले तर माझ्या बिजागरीत तेल घालायलाही कुणाला सांगा. आणि मला पडलेला पाहिल्याशिवाय कुठल्याही लेकराला घरी नेऊ नका.