पुसला गेलेला सोमवार

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. रंग काळा, अंग पत्र्याचं, आकार जाडजूड पाठ्यपुस्तकाएवढा. भिंतीवरचे कॅमेरे सगळ्यांना दिसतात, मी कुणाला दिसत नाही. पण कॅमेरे नुसते बघतात. लक्षात ठेवण्याचं काम माझं. माझ्या पोटातल्या डिस्कवर सगळं लिहिलं जातं. ती भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्या जागी नवं लिहायचं, अशी माझी घडण आहे.

कारखान्यात तपासनिसाने मला एकदा चालू केलं, बंद केलं आणि खोक्यात घातलं. तिथून मी एका विक्रेत्याच्या दुकानात येऊन पडलो. एके दिवशी एका लाँड्रीचे मालक आपल्या मेहुण्याला घेऊन तिथे आले.

"तुमच्या दुकानाला दोन कॅमेरे पुरे," विक्रेता म्हणाला. "पैसे डिस्कवर घाला. महिनाभराचं राहील."

"डिस्क कुणाला दिसते का?" मालक म्हणाले. "चोर कॅमेऱ्याला घाबरतो, डिस्कला नाही."

"भावोजी, तेवढ्याच पैशात चार कॅमेऱ्यांचा सेट आहे की," मेहुण्याने बोट दाखवलं. "डिस्क जरा लहान, पण दोन कॅमेरे फुकटच पडले ना!"

फुकट हा शब्द ऐकला की मालकांच्या चेहऱ्यावर जी टवटवी येई, ती मी पुढे पुष्कळदा पाहिली. माणूस वाईट नव्हता. फक्त दिसेल तेवढ्यालाच पैसे मोजणारा.

मला काउंटरखालच्या फळीवर ठेवलं. तिथली बोलणी मी स्वतः ऐकतो, बोलताना जे घडतं त्यासकट. ती डिस्कवर जात नाहीत, म्हणूनच आज तुम्हाला सांगू शकतो. एक कॅमेरा दारावर लागला, एक काउंटरवर, एक बाहेरच्या पायरीवर. चौथ्याला जागाच सापडेना. "आणलाय तर लावा कुठेतरी," मालक म्हणाले, आणि तो मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींवर रोखला गेला. चादरी दिवसभर फडफडत. हललं की लिहायचं, हा मला नेम लावून दिलेला. त्यामुळे माझं अर्धंअधिक पोट चादरींनीच भरू लागलं, आणि आठवडाभराची माझी आठवण चार दिवसांवर आली. हे मालकांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. मालक गिऱ्हाइकांना काउंटरवरच्या पडद्यावर चारी कॅमेऱ्यांची चित्रं दाखवत. आतल्या खोलीत इस्त्री करणाऱ्या मावशी काउंटरवर कपडे ठेवायला आल्या की वर बघून पदर सारखा करत. "आज पिक्चरमध्ये बरी दिसते ना मी?" दुकान उघडलं तेव्हापासून त्या तिथे होत्या. पुढे पडद्याकडे कुणी बघेना, त्यावर मोजपट्टी लटकू लागली. जुनी चित्रं उघडायचा पासवर्ड मेहुण्याच्या डोक्यात होता, तो तिथेच राहिला.

मग त्या सोमवारी एक कोट हरवला.

एका बाईंच्या वडिलांचा लोकरी कोट होता तो. वडील हयात नव्हते. बाई मंगळवारी न्यायला आल्या तेव्हा कोट नव्हता. मालकांनी भरपाई पुढे केली. "पैसे नकोत हो," बाई म्हणाल्या, "कोट शोधा." तेव्हा मालकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

मावशी म्हणाल्या, "मी इस्त्री करून, पिशवी चढवून काउंटरवर ठेवला. सोमवारीच."

"माझ्याकडे आलाच नाही," मालक म्हणाले.

"मग बघा की त्या पेटीत! उगाच लावलीय का?"

"पासवर्ड मेहुण्याकडे आहे. तो सासुरवाडीला गेलाय, फोन लागत नाही."

"मग पेटीच्या दुकानवाल्याला बोलवा."

"तो येण्याचे वेगळे पैसे लावतो, मावशी. चार दिवसांनी मेहुणा येतोच आहे. घाई काय?"

घाई मला होती, मित्रांनो. सोमवार माझ्या पोटात शाबूत होता, पण वारा सुटला होता आणि मागे चादरी फडफडत होत्या. मावशी रोज सकाळी विचारत, "आले का दादा?" मालक म्हणत, "येईल." बुधवारीही हेच, गुरुवारीही हेच.

शनिवारी मेहुणा आला. मावशी इस्त्री बाजूला ठेवून काउंटरशी उभ्या राहिल्या.

"सोमवार काढ," मालक म्हणाले.

मेहुण्याने पुढेमागे केलं. "भावोजी, सोमवार नाहीये. मंगळवार दुपारपासूनच आहे."

"मग एवढं काय भरलंय त्यात?"

"चादरी."

मालकांनी विक्रेत्याला फोन लावला. "साहेब, जुनं पुसूनच नवं बसतं त्यात," तो म्हणाला. "डिस्क मोठी घ्या म्हणालो होतो मी."

"म्हणजे माझा सोमवार गेला?" मावशींनी विचारलं.

"मी तुम्हाला काही म्हणालो का?" मालक म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका." पण मावशी तिथेच उभ्या असताना ते मेहुण्याकडे वळले, "तो मागचा कॅमेरा काढ आणि आत इस्त्रीच्या टेबलावर लाव."

मावशी त्या कॅमेऱ्याखाली महिना संपेपर्यंत उभ्या राहिल्या. वर कधी बघितलं नाही, पदरही सारखा केला नाही. महिनाअखेरच्या संध्याकाळी घरी जाताना वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, त्यांची पिशवी उघडून दाखवायला सांगितली. मावशींनी ती काउंटरवर पालथी केली. डबा, चष्मा, किल्ली. एकेक वस्तू परत आत भरली आणि म्हणाल्या, "वहिनी, उद्या दुसरी कुणी बघा."

त्या गेल्या. ते चित्रही पुढच्या चार-आठ दिवसांत माझ्यावरून पुसलं गेलं.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, माझ्या वायरी जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काहीच बिघडलं नव्हतं. मी अगदी नेमाने चाललो, आणि त्यातच मावशी नाहक काम सोडून गेल्या. नाहक म्हणतोय, पण तेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. विनंती एकच: कुणी समोर उभं राहून "बघा ना" म्हणालं, तर त्याच दिवशी बघा.

तुम्ही विचाराल, कोट काउंटरवर आला होता का? शप्पथ, मला माहीत नाही. मी ते पाहिलं होतं, एवढंच माहीत आहे.